तीन मजली पुंजाजी

समोरच्या घरातल्या सत्यवतीबाईनं माझ्याकडे तक्रार आणून दिली. तीही लेखी! तुमच्या बिल्डिंगमधले पुंजाजी शिरसाट रोज सकाळी साडेसहाले आमच्या गॅलरीकडे पाहून डोळा मारतात, सोसायटीच्या सेक्रेटरी म्हणून तुमी त्याईले समज द्यावी.

आता माणूस अडुसष्ट वर्षांचा, रिटायर पोस्टमन. जिन्यात बाईमाणूस समोरून आली तर भिंतीले चिकटून उभा राहणारा. पण सत्यवतीबाई खोटं बोलत नव्हती. डोळा मारला जात होता, माझ्या सहीनं मारला जात होता, अन् त्याचे पैसेबी सोसायटीनं घेतले होते. कसे ते सांगते.

गोष्ट दोन हजार सहाची. अकोल्यात जठारपेठेत आमची बिल्डिंग, तळमजला अन् वर तीन मजले, बारा घरं. पिलरच्या सळया बाहेर डोकावून राहिल्या होत्या. गच्ची अशी गळे, की वरच्या मजल्यावर परवीनबाई छत्री बांधून पोळ्या लाटे. इंजिनिअर म्हणाला, यंदा दुरुस्ती केली नाई तर पुढच्या वर्षी मले बोलवू नका, अग्निशामकवाल्याईले बोलवा. खर्च साडेचार लाख.

मी मिटिंगवर मिटिंग घेतली. तळमजल्यावरचे खुशालराव दर वेळी म्हणत, "गच्ची माह्या डोक्यावर नाई, मधात तीन मजले हायेत. मी काहून देऊ?" वरचे म्हणत, पिलर खाली उभे हायेत, ते खालच्याईचे. मधले म्हणत, आमाले ना गच्ची ना पिलर, आमी मिटिंगचा चहा देतो. मी गणिताची मास्तरीण, साठ पोट्ट्या एका नजरेनं गप्प बसवते, पण या बारा घरांपुढे हात टेकले बाप्पा!

तेवढ्यात कपाशीच्या बियाण्याच्या एका कंपनीचा माणूस आला. आमची रस्त्याकडची भिंत त्याले फार आवडली. परवीनबाईच्या बाथरूमची एक खिडकी सोडली तर सगळी कोरी. भिंतीचं प्लास्टर कंपनी करून देणार, वर तीन वर्षांचं भाडं: अर्धे पैसे चित्र पुरं झाल्यावर, अर्धे पेरण्या आटोपल्यावर. मी उभ्या उभ्या सही ठोकली.

कंपनीनं पेंटरले एका शेतकऱ्याचा फोटो दिला होता. तो त्यानं चुन्याच्या बादलीत पाडला. घाबरून त्यानं वर पाहिलं, तर बाजूच्या गॅलरीत पुंजाजी उभे. वाळत्या धोतरावर रंगाचे शिंतोडे उडाले म्हणून शिव्या देऊन राहिले होते. डोक्याले रुमाल, ह्या एवढ्या मिशा, तीस वर्षं उन्हात सायकल मारून रापलेला चेहरा. पेंटरनं खालून हात जोडले, "काका, असेच रागात उभे रहा!"

कंपनीचा माणूस चित्र पाहून म्हणाला, "क्या किसान है!"

किसान! पुंजाजी जन्मले अकोल्यात, नोकरी केली अकोल्यात. समोरून बैल आला तर रस्ता बदलतात. एकदा कुंडीत कोथिंबीर लावली होती, ती कबुतरानं खाल्ली. पण स्वतःचा तीन मजली चेहरा पाहून माणूस हरखला. चौकात चहा मागवून तासतासभर स्वतःकडे पाहत बसे. चेहऱ्याच्या डाव्या कानातून सांडपाण्याचा पाइप निघाला होता, त्याचं त्याईले काईच वाटत नव्हतं.

अन् उजव्या डोळ्यावर नेमकी परवीनबाईची खिडकी. पेंटरनं खिडकीच्या दारावरच डोळा काढला होता. बाई सकाळी आंघोळीले गेली अन् दार उघडलं, की डोळा गायब. लावलं की हजर. मी तिले सांगून पाहिलं, तर भडकलीच. "अब मैं दम घुटके नहाऊं क्या?"

चेहऱ्याखाली वाक्य लेहलं गेलं तेव्हा मात्र पुंजाजी माझ्याकडे आले. वाक्य होतं, 'मी हेच बियाणं पेरतो!'

"मॅडम, म्या तर कधी काईच पेरलं नाई."

"जाहिरात हाये ती काका, कोणाची मनिऑर्डर नाई," मी म्हटलं. "ठेकेदारानं गच्ची फोडून ठेवली हाये. राहिलेलं भाडं येऊ द्या, तोवर चूप बसा."

बसले बिचारे.

पण जून तोंडावर आला तसे खेड्यातले लोक गेटवर येऊ लागले. ते भिंतीवरचे मिशीवाले इथंच राहतात का? एकरी किती झालं त्याईले? पुंजाजीची बायको पार्बताबाई दारातूनच सांगे, "वावरात गेले." कुठचं वावर? पलंगाखाली लपून राहिलेले असत!

एका दुपारी बार्शीटाकळीकडची पंचफुलाबाई आली. साडेतीन एकर वावर, नवरा दम्यानं अंथरुणावर, बियाण्याचे पैसे कमरेच्या पिशवीत. ती भिंतीखालीच बसून राहिली, अन् भाजी घेऊन परत येणारे पुंजाजी तिले बरोबर सापडले. मीबी गेटातच होती.

तिनं वर पाहिलं, मग त्याईच्याकडे पाहिलं. "भाऊ, थे तुमीच ना? मले वाचता येत नाई. तुमचं तोंड पाहून आली. काय लेहलं तेवढं वाचून दाखवा, मंग मी दुकानात जातो."

पुंजाजीनं तीस वर्षं लोकाईले पत्रं वाचून दाखवली होती. पोरगा पास झाला, पोरगी माहेरी आली, बाप गेला. जे लेहलं तेच वाचायचं, पदरचं घालायचं नाई अन् काई गाळायचं नाई, असा त्याईचा नेम. त्याईनं मान वर केली. "मी हेच..." एवढंच बाहेर आलं. मी मागून डोळे वटारले.

"मी हेच बियाणं पेरतो, असं लेहलं हाये," पुंजाजी म्हणाले. "पण ते खोटं हाये बाई. म्या जन्मात दाणा पेरला नाई, मी पोस्टमन हाओ. बियाणं चांगलं का वाईट मले ठावं नाई. गावात ज्यानं पेरलं त्याले विचारून घ्या."

पंचफुलाबाईनं त्याईच्या मिशा न्याहाळल्या. "मंग तोंड काहून देल्लं?"

"हौस," पुंजाजी म्हणाले.

तिनं पिशवी चाचपली अन् बसस्टँडकडे चालती झाली.

संध्याकाळी पाहते तर पुंजाजी बुडा चुन्याची बादली घेऊन दुरुस्तीसाठी बांधलेल्या बांबूवर! सगळी बिल्डिंग खालून ओरडून राहिली होती, मी सगळ्याईहून जास्त. "चेहरा माहा हाये, राहू द्या," ते वरून म्हणाले. "वाक्य माहं नाई." वाक्य पुसलं, मगच खाली उतरले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसानं भिंतीचे फोटो काढले, राहिलेलं भाडं रद्द. ठेकेदारानं उघड्या गच्चीवर ताडपत्री टाकली अन् घरी गेला.

मी तापली होती. मिटिंगले ठराव लेहूनच नेला: सोसायटीचं नुकसान पुंजाजीनं भरून द्यावं. खणखणीत वाचला. खुशालराव म्हणाले, एकदम बरोबर. पुंजाजी मान खाली घालून बसले होते, मांडीवर पेन्शनचं पासबुक.

परवीनबाई उठली. "मॅडम, एक पूछूं? उस औरत के सामने आप होती, तो क्या पढ़के सुनाती?"

मी पूर्ण वाचलं असतं. खणखणीत आवाजात, उद्गारचिन्हासकट, अन् वर तिले दुकानाचा पत्ताबी सांगितला असता. लाज वाटली मले, भयंकर लाज वाटली. ठरावाचा कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर 'वर्गणी' लेहलं, खाली पहिलं नाव माझं टाकलं अन् कागद पुढे सरकवला.

पुंजाजीनं चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला अन् माझ्याकडे परत केला.

"मॅडम," म्हणाले, "नावापुढे आकडा राहिला."