चित्रात लाल दिसलेलं तळं

मंडळी, सायबर कॅफेत बसलोय. काय वाटतंय तेच कळत नाही, म्हणून लिहितो.

मी नाशिकला उपग्रहाची चित्रं बघून तळ्यांमधलं शेवाळ मोजतो. या चित्रांत पाणी काळं दिसतं आणि हिरवळ लाल. आज सकाळी एक तळं अख्खं लाल दिसलं. साहेब म्हणाले, "हे शेत असेल, यादीतून काढून टाक."

मी म्हणालो, "साहेब, मी तिथं पोहायला शिकलोय."

"मग जाऊन पुरावा म्हणून शेवाळाचं बाटलीभर पाणी घेऊन ये."

गेलो. वस्तीचं सांडपाणी आणि द्राक्षबागांचं खत तळ्यात उतरलेलं, त्यावर काठापासून काठापर्यंत शेवाळ माजलेलं. काठावर एक मावशी कळशीने शेवाळ बाजूला सारून पाणी भरत होत्या. "खालचं चांगलं हाय," म्हणाल्या. मी सांगितलं, हे शेवाळ आकाशातूनही दिसतं.

"मग बघून कोणी येनार हाय का?"

"मीच आलोय, मावशी."

त्यांनी माझी बाटली पाहिली आणि मला चांगलं पाणी मिळावं म्हणून शेवाळ सारून दिलं. मला नाही म्हणवलं नाही.

बाटली आत्ता कीबोर्डशेजारी आहे. पाणी अगदी नितळ दिसतंय, शेवाळाचा ठिपकाही नाही. उद्या साहेबांना काय सांगू?