रेंज लागत नाही, म्हणून घेतला

मागच्या आठवड्यात इथेच विचारलं होतं ना, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घ्यावा का? आज चंद्रपुरात घेतला. बाबांसाठी!

बाबा रिटायर्ड फॉरेस्ट गार्ड. तीन महिन्यांपूर्वीच्या लकव्यानंतर त्यांचा उजवा अंगठा हलेना. व्यायामाचा रबरी चेंडू दिला की फेकून द्यायचे. "मी का लहान पोट्टा आहो?" मोबाईलवरचा गेम आमच्या अहेरीच्या रस्त्यावर जंगल लागलं की अडकतो. शिवाय मला खरीखुरी दाबायची बटणं हवी होती.

बाबांनाही सोबत नेलं होतं. दुकानदार त्यांना म्हणाला, "भाऊ, याले रेंजची गरज नाई."

बाबा भडकलेच. "तीस वर्षं रेंजमधी नोकरी केली मी! रेंज नसती तं जंगल राह्यलं असतं का?"

वनखात्यात रेंज म्हणजे वनपरिक्षेत्र, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! हसू आवरत मी दोघांना समजावलं.

परतीच्या एसटीत आलापल्लीच्या अलीकडे माझ्या मोबाईलची रेंज गेली. बाबांचा गेम सुरूच. पडद्यावरचा माणूस सारखा खड्ड्यात पडत होता. दहा-बारा वेळा पडला आणि मग एकदाची त्यानं उडी मारली.

मी बाबांच्या हाताकडे पाहिलं. बटणावर उजवा अंगठा होता.

तीन महिन्यांत आज पहिल्यांदा जिवात जीव आला. तुमच्याही घरी कुणी चेंडू फेकत असेल, तर सांगा बरं, काय केलंत?

अहेरी आली. म्हटलं, "बाबा, आणा, बॅगेत ठेवते."

"थांब नं. अंगठा ड्यूटीवर आहे."