आंब्याचे थर आणि माझी रवी

चहा घ्या, पण हसायचं नाही हे आधी कबूल करा. एका नाताळात मी जे करून बसले ते आमच्या अंबरनाथच्या घरी अजून पाहुण्यांना तिखटमीठ लावून सांगतात. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

नव्वदनंतरची गोष्ट. माझा धाकटा दीर सुहास बोटीवर होता. त्यानं फिलिपिनो बायको करून आणली, लोर्ना. गोड पोरगी. सुहासनं शिकवलेलं मोडकंतोडकं हिंदी बोलायची, मला भाभी म्हणायची. डिसेंबर लागला तशी ती गप्प गप्प राहायला लागली. माहेराविना पहिलाच नाताळ ना! त्या दिवशी त्यांच्याकडे मोठं जेवण असतं म्हणे, आणि जेवणावर तिच्या आईच्या हातचा गोड पदार्थ. बिस्किटांचा थर, त्यावर क्रीम, त्यावर आंबा, पुन्हा बिस्किटं. रचायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं, बस्स.

"एवढंच ना? मी करते," मी म्हटलं. विचारलं होतं का मला कुणी? पण माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. कुणी डोळे भरून बसलं की माझे हात शिवशिवतात.

उल्हासनगरला कॅम्पातल्या बाजारात जाऊन एका सिंधी दुकानदाराकडून आंब्याच्या फोडींचा आणि गोड घट्ट दुधाचा डबा आणला. "बहनजी, घर में पार्टी है क्या?" त्यानं विचारलं. "परदेशी सण आहे," मी ऐटीत सांगितलं. गल्लीतही सांगत सुटले.

आदल्या दिवशी संध्याकाळी लोर्ना सुहासबरोबर चर्चला निघाली. जाताना मला बजावून गेली, "भाभी, क्रीम थोडा मोटा हुआ तो बस. स्टॉप."

क्रीम म्हणजे आपली म्हशीच्या दुधाची साय. आठवडाभर साठवलेली, विरजण न लावलेली. मी रवी घेतली आणि घुसळायला बसले. साय फुलली, छान घट्ट झाली. इथे थांबायचं होतं. पण जन्मभर साय घुसळलेल्या बाईला अर्ध्यात थांबता येतं का? वर गोळा आल्याशिवाय हात थांबेचना. त्यात सासूबाई डोकावल्या.

"अगं, गोळा कुठाय?"

"येतोय."

"गार पाणी घाल की मग."

घातलं. आला गोळा! असा पांढराशुभ्र, की दोघी कौतुकानं बघत राहिलो. खालचं पाणी सासूबाईंनी ताक समजून मीठ घालून पिऊनही टाकलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, हे तर लोणी.

पण मी कसली ऐकते? तिला घट्टच हवं होतं ना? मग याहून घट्ट काय असतं? डब्यातलं दूध लोण्यात कालवलं, मारी बिस्किटं, लोणी, आंबा असे थर रचले आणि फ्रिजमध्ये ढकललं. मग सुरू झाल्या माझ्या येरझाऱ्या. दार उघड, बोट लाव, दार लाव.

"आत पाळणा टांगलायस का?" आमच्या ह्यांनी पेपराआडून विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोर्नाच्या दोन मैत्रिणी जेवायला आल्या. शेवया, कोंबडी, सगळं लोर्नानं स्वतः केलेलं. शेवटी माझा पदार्थ आला. लोर्नानं सुरी लावली. सुरी आत जाईना. सुहासनं उठून दाबली, तेव्हा कुठे चौकोनी वीट निघाली. मैत्रिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पदरानं घाम पुसत उभी. नाताळ बुडवला मी पोरीचा, दुसरं काही सुचेना.

लोर्नानं घास घेतला. चावला. थांबली. आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

माझा जीव भांड्यात पडला. जमलं म्हणायचं! लगेच मान ताठ. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं, "बघा, आईच्या हातची आठवण आली तिला. काय गं, अगदी आईसारखं झालंय ना?"

लोर्नानं डोळे पुसले, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "येस भाभी, एकदम सेम. मेरा मम्मी भी हर ख्रिसमस को ऐसाच खराब करता है."