एकवीस दिवस तोंडात राहिलेली कवळी

"बाबा, यांची कवळी शेवटची कधी काढली होती?"

डॉक्टरीण बाईंनी हे विचारलं तेव्हा माझी बायको भंडाऱ्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावून पडली होती. मी म्हटलं, "एकवीस दिवस झाले." खोटं बोलायचं सुचलंच नाही.

बाईंनी हातमोजे घातले, तिच्या तोंडात बोट घालून वरची कवळी ओढली. निघेना. टाळूला चिकटली होती. निघाली तेव्हा असा वास सुटला की बाजूच्या खाटेवरच्या बाईने पदर नाकाला लावला. टाळू सोललेली, लालभडक. जिभेवर पांढरा थर, फाटलेल्या दुधासारखा.

"याला ओरल थ्रश म्हणतात, म्हणजे तोंडातली बुरशी," बाई म्हणाल्या. "पण त्याहून मोठी गोष्ट एक्स-रेत आहे. ॲस्पिरेशन न्यूमोनिया. लकव्यामुळे यांना गिळता येत नाही. तोंडात साचलेली घाण लाळेबरोबर फुफ्फुसात उतरली."

"पण ती तर तोंडाने काहीच खात नाही. सगळं नळीने देतो मी."

"म्हणूनच तर, बाबा. आपण जेवतो, बोलतो, पाणी पितो, त्यात तोंड आपोआप साफ होत राहतं. यांचं कोण करणार?"

मी करायला पाहिजे होतं. मी केलं नाही. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस खाटेवर आहे त्यांना हे कळावं म्हणून लिहून राहिलो. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो. गोड करून सांगता येत नाही.

आम्ही पवनीजवळच्या एका गावचे. बायकोला मी पन्नास वर्षांत नावाने हाक मारली नाही. पमी आमची एकच लेक, म्हणून ही पमीची माय. जवानीत धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलाच्या बांधीत वाकलेल्या बाया गुडाखू लावत. तंबाखू आणि गुळाचं ते काळं मंजन, त्याने थकवा मरतो म्हणत. तिचे वरचे दात त्यातच गेले. पमीच्या लग्नाआधी तिने कवळी करून घेतली. रोज पहाटे न्हाणीत पाठमोरी बसून धुवायची. हसली तरी पदर तोंडावर. बिनदाताचं तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. तिने पाहू दिलं नाही आणि मी पण कधी पाहायला गेलो नाही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी चुलीपुढे ती एका अंगावर कलली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. डॉक्टर म्हणाले ब्रेन स्ट्रोक, म्हणजे मेंदूची रक्ताची नस बंद पडली. दहा दिवस दवाखान्यात काढले. नाकातून पोटात नळी टाकली, तिला राइल्स ट्यूब म्हणतात. दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी सिस्टरने सगळं समजावून दिलं. नळीतून दूध कसं सोडायचं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, लघवीची पिशवी कधी रिकामी करायची. शेवटी डबीत ठेवलेली कवळी हातात देऊन म्हणाली, "ही घालू नका आता. ओल्या गॉजने तोंड पुसत जा."

गॉज म्हणजे जाळीचं पांढरं कापड. नळीचं ध्यानात राहिलं, कुशीचं राहिलं, पिशवीचं राहिलं. तोंडाचं मी सोडून दिलं. जी भांडी वापरलीच नाहीत ती कोण घासते, असा माझा हिशोब होता.

आमच्याकडे माणूस पडलं की गाव पाहायला येतं. केळी आणतात, बिस्किटाचा पुडा आणतात, खाटेभोवती बसतात. कोणी म्हणे, "घोटभर चहा तं पाजा तिले." ते मी पाजलं नाही, एवढी अक्कल होती.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या भावाची बायको आली. ऐंशी पार केलेली बाई, तोंडाची फटकळ. पाहिलं आणि मला ओसरीत बोलावून म्हणाली, "भाऊजी, तिले दात लावून द्या जी. कशी भेसूर दिसून राहिली. उद्या पमीच्या सासरचे येतीन पाहाले. चांगली असती तं अशी बसली असती का ते कोनासमोर?"

मला ते पटलं. सिस्टरचं ऐकलं नाही, वहिनीचं ऐकलं. मी कवळी धुतली आणि डोळे अर्धे मिटून बसवली. ती डाव्या हाताने माझं मनगट धरून राहिली. मला वाटलं, बरं वाटलं तिला. आता वाटते की नको म्हणत असेल. कोणाला विचारू?

कवळी लावल्यावर चेहरा भरला. व्याही म्हणाले, "अरे, तब्येत चांगली दिसते!" मी खुश झालो. रोज कोणी ना कोणी येत होतं, म्हणून रोज कवळी तोंडातच. काढायची तर तिचं तोंड पाहावं लागणार, हे पण होतंच.

आठ-दहा दिवसांनी वास यायला लागला. मी अगरबत्ती आणली. बुद्धाच्या फोटोपुढे लावायची ती तिच्या उशाशी लावली. येणारे म्हणत, किती साफसूफ ठेवते बाप्पा हा. ती खोकायची, घशात घरघर व्हायची. मी म्हटलं थंडी आहे. मग ताप आला. एकविसाव्या दिवशी तिचे ओठ निळे दिसले तेव्हा गाडी केली.

पमी साकोलीहून बसने धावत आली. तिने विचारलं, "बाबा, काय म्हनते डॉक्टर?" मी म्हटलं, "फुफ्फुसात पाणी झालं." कवळीचं गिळून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सिस्टरने मला खाटेजवळ उभं केलं. "बाबा, आता तुम्ही करायचं. मी बघते."

कसं करायचं ते लिहितो. डोकं उशीने वर घ्यायचं. मान एका कुशीला वळवायची. हातमोजा घालायचा, बोटाला गॉज गुंडाळायचं, पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं. पाणी ओतायचं नाही, तेही फुफ्फुसात जातं. आधी गालांच्या आतून, मग हिरड्या, मग टाळू, शेवटी जीभ, मागून पुढे. फार आत गेलं की ओकारी येते. खालचे दात असतील तर मऊ ब्रश. आमच्या वेळी दिवसातून चारदा करायला सांगितलं होतं, आणि बुरशीचं औषध वेगळं.

मी बोट जवळ नेलं तशी पमीच्या मायने डाव्या हाताने चादर तोंडावर ओढली. पदर समजून.

सिस्टर म्हणाली, "आजी, आता बाबांना लाजता का? कोणी नवरदेव आहेत का हे?"

मी म्हटलं, "पमीची माय, मी डोये मिटतो. पाहत नाई." आणि खरंच मिटले. बोट आत गेलं आणि तिने खालच्या चार दातांनी कचकन चावलं.

"चाव," मी म्हटलं. "तुयाच हक आहे."

सिस्टर हसली, पण लगेच म्हणाली, "डोळे उघडा बाबा. न बघता साफ कसं होणार?"

मी उघडले. एवढंसं तोंड होतं. सोललेलं, रिकामं, लहान लेकराच्या तोंडावाणी. यासाठी मी एकवीस दिवस लाजलो. ती माझ्याकडे पाहत होती आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं. मी पुसत राहिलो. गॉजवर काय काय निघालं ते लिहीत नाही.

पाचव्या दिवशी मी पाण्याची वाटी घेऊन आलो तर तिने आपणहून तोंड उघडलं. कोणी सांगितलं नव्हतं. पुसून झाल्यावर मी बाहेर बाकावर जाऊन बसलो.

सहाव्या दिवशी जीभ गुलाबी झाली. मला वाटलं जिंकलो, आता घरी नेतो. डॉक्टरीण बाईंनी तपासलं. "तोंड छान केलंत, बाबा. पण छाती साथ देत नाहीये."

मी विचारलं, "बाई, हे माझ्यामुळे झालं का?"

त्या म्हणाल्या, "लकव्याच्या पेशंटला सगळी काळजी घेऊनही न्यूमोनिया होतो. सगळं तुमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण तोंड स्वच्छ असतं तर धोका कमी होता."

खरं बोलल्या. त्यांचे उपकार आहेत. धीर द्यायला खोटं सांगितलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं.

नवव्या दिवशी दुपारी ती गेली. सकाळचं तोंड मी पुसलं होतं.

तिच्यासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला त्या दिवशी मंडपात गाव जमलं. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. बाबाने लय सेवा केली, असा नवरा नशिबाने भेटते, असं सगळे सांगत होते. चौथा माणूस तेच बोलायला लागला तेव्हा मी उठलो.

पमीने सदरा ओढला. "बसा ना बाबा. कायले उठता?"

मी उभ्याने सगळं सांगितलं. कवळी, एकवीस दिवस, अगरबत्ती, टाळू. पमी माझ्याकडे पाहत राहिली, तिला हे तेव्हा पहिल्यांदाच कळत होतं. वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली, "मीच म्हनलं होतं जी लावा म्हनून."

"तुमी म्हनलं, वहिनी. घातली मी. एकवीस दिवस ठेवली मी."

मला वाटलं, लोक आता उठून जातील. तेवढ्यात बायांच्या मागच्या रांगेतून एक सून उभी राहिली. तिची सासू दोन वर्षांपासून खाटेवर आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. डोक्यावरचा पदर सावरत तिने विचारलं, "बाबाजी, मऊ धोतराचं फडकं चालते का जी? का ते दवाखान्यातलंच पाहिजे?"

मी म्हटलं, "चालते, बाई. उकळून घे. आणि पिळजो घट्ट."