निःपक्षपाती भूकंप

माझ्या सासरच्या घराण्याला न्यायीपणाचा आजार आहे. पूर्वज दरबारी दफ्तरात कारकून होते, तेव्हापासून तो चालत आला असावा. आजाराचं वैशिष्ट्य असं, की तो फक्त घरच्यांना बाधतो. बाहेरचा माणूस आमच्याकडून रिकाम्या हाताने कधी गेला नाही, आणि घरच्याला मात्र आम्ही कधी काही मिळू दिलं नाही. माझे सासरे इथेच, उज्जैनमधल्या एका शाळेत हेडमास्तर होते. त्यांनी आपल्या सख्ख्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नववीत बीजगणितात दोन गुणांनी नापास केलं. ही गोष्ट नात्यातल्या प्रत्येक लग्नात पंगतीत सांगितली जाते आणि ऐकणारे "वा!" म्हणतात. नवरा तेवढ्यात पाणी आणायला उठतो. त्याचं एक वर्ष गेलं, हा भाग गोष्टीत नाही.

मी बाहेरून आलेली असूनही हा आजार मला घरच्यांपेक्षा जास्त जडला. मी माधव नगरमधल्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. मुलगी त्याच शाळेत. ती आठवीत गेली त्या वर्षी मीच तिची वर्गशिक्षिका झाले, आणि माझ्या न्यायबुद्धीला मोकळं रान मिळालं. शाळेत तिने मला 'मैडम' म्हणायचं, हे तर ठरलेलंच होतं. ती कधी मॉनिटर झाली नाही. वार्षिकोत्सवाच्या नाचात ती शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. तिचा हात सगळ्यांत आधी वर गेला तर मी दुसऱ्या क्रमांकाच्या हाताला विचारायची. स्टाफरूममध्ये याचं कौतुक होई. पोर कधी काही बोलली नाही, म्हणजे तिला पटतं, असा मी अर्थ लावला होता. सोयीचे अर्थ लावायला मला वेळ लागत नाही.

त्या वर्षी वरून फर्मान आलं, की विज्ञानात काहीतरी कृती करून घ्या आणि मुख्य म्हणजे तिचे फोटो पाठवा. विषयही वरूनच आला होता: चौघाचौघांचे संघ पाडून भूकंपात टिकेल अशा इमारतीचं मॉडेल. जिंकणारा संघ इंदूरला आंतरशालेय स्पर्धेला जाणार होता. आमच्या हिंदीच्या मॅडमना सगळं हास्यास्पद वाटलं. "अरे मैडम, यहाँ महाकाल बैठे हैं, भूकंप की क्या मजाल!" असं म्हणून त्यांनी डबा उघडला.

त्याच संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना मुलगी ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, आमची टीम जिंकली तर मला इंदूरला जाता येईल ना? मतलब, तू जाऊ देशील?"

"जिंकलात तर का नाही जाणार?"

"पक्कं?"

"अगं, पक्कं."

तिने आजवर माझ्याकडे शाळेतलं काही मागितलं नव्हतं. हे पहिलं. 'तू जाऊ देशील का' असं तिने का विचारलं, याचा मी विचारसुद्धा केला नाही. पोळी करपत होती.

भूकंपासाठी लागणारं यंत्र शाळेकडे नव्हतं. मी टावर चौकातल्या दुकानातून शंभर कंचे आणले. आठवीच्या बाईंना गोट्या कशाला हव्यात, हे दुकानदाराला कळेना. "भूकंप के लिए," मी म्हटलं. त्याने आणखी काही विचारलं नाही. एका उथळ खोक्यात त्या गोट्या पसरल्या, वर प्लायवूडचा तुकडा ठेवला, चारी बाजूंना रबर बांधले आणि एका कडेला मूठ ठोकली. मूठ धरून मागेपुढे केलं की जमीन हलायची. मूठ धरणार मी. वर्गशिक्षिका होते, परीक्षक होते, आता भूकंपही मीच.

नियम सोपे होते. आइस्क्रीमच्या काड्या, दोरा, गोंद. उंची दीड फूट. माथ्यावर अर्धा किलो मिठाचं पाकीट. वीस सेकंद हलवायचं. उभी राहील ती पास, आणि त्यांतली जी सर्वांत सरळ राहील ती पहिली. वेळ पाहायला खेळाचे सर. त्यांना स्टॉपवॉच आणि शिट्टी दोन्ही एकाच वेळी वापरायला मिळणार म्हणून ते फारच खुशीत होते.

संघ चिठ्ठ्या टाकून पाडले. माझ्या मुलीबरोबर तीन मुली आल्या. त्यांतली एक भैरवगढ़ची, घरात चादरी छापण्याचं काम. दुसऱ्या दिवशी तिने हात वर केला.

"मैडम, बिल्डिंग के नीचे कपड़े की तह रख सकते हैं? हमारे यहाँ छपाई की टेबल पर बोरी और कपड़ा बिछाते हैं, तो ठप्पा उछलता नहीं।"

पायाखाली मऊ थर दिला तर वरच्या इमारतीला धक्का कमी बसतो, हे मी शिकवण्याच्या आधीच तिला घरच्या टेबलावरून कळलं होतं. दुसऱ्या कुठल्याही संघातल्या मुलीने हे विचारलं असतं तर मी तिला सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली असती. पण ती माझ्या मुलीच्या संघात होती.

"नियमात नाही," मी म्हटलं.

मागच्याच बाकावरच्या एका संघाने थर्माकोलचं शिखर चालेल का विचारलं होतं, तेव्हा मी "चालेल" म्हणाले होते. तेही नियमात नव्हतंच.

स्पर्धेच्या दिवशी प्राचार्य आले, हिंदीच्या मॅडम आल्या, फोटो काढणारा शिपाई आला. दहा इमारती होत्या, सगळ्यांचं सांगत बसत नाही. शिखरवाली इमारत फार देखणी होती. आत दिवे होते, बाहेर कापसाची हिरवी लॉन होती, आणि संघातल्या एका मुलाचे वडील ठेकेदार आहेत हे तिच्याकडे पाहताच कळत होतं. मी मूठ धरल्यावर सहाव्या सेकंदाला ती मिठासकट बसली. प्राचार्यांनी तरीही टाळ्या वाजवल्या, कारण फोटो निघाला होता. बहुतेक इमारती अशाच गेल्या. चार मुलग्यांच्या एका संघाची मात्र वीस सेकंद टिकली. शेवटी एका बाजूला कलली होती, पण उभी होती.

शेवटची माझ्या मुलीच्या संघाची. दिसायला अगदी गबाळी. गोंद जवळजवळ नाहीच, प्रत्येक सांधा दोऱ्याने गुंडाळून बांधलेला, आणि चारी बाजूंना आडव्यातिडव्या काड्यांच्या फुल्या. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मैडम की बेटी वाली।" मला ते ऐकू आलं, आणि हिंदीच्या मॅडमनाही ऐकू आलं असणार असं मला वाटलं.

मी हलवायला लागले. इमारत डुलत होती, पण पाय सोडत नव्हती. सांधे कुरकुरत होते, दोरे ताणले जात होते आणि पुन्हा सैल होत होते. इतकं छान बांधकाम त्या वर्गात दुसरं नव्हतं. शिट्टी वाजली तेव्हा ती सरळ उभी होती. मी थांबले नाही. सरांनी पुन्हा वाजवली. मी आणखी जोरात हलवलं. इमारत पडेपर्यंत मी हलवलं. मिठाचं पाकीट फुटलं आणि टेबलभर मीठ झालं.

"पहिला नंबर, वो चार लड़कों की टीम," मी जाहीर केलं. घाईत अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत.

बाहेर आल्यावर हिंदीच्या मॅडमनी माझा हात धरला. "ऐसी ईमानदारी आजकल कहाँ मिलती है, मैडम! अपनी बेटी को भी नहीं बख्शा।" खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेली मुलगी एक शब्द बोलली नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण दमली असेल, असा अर्थ मी लावला.

जेवताना मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. शिट्टीचा भाग जरा आटोपशीर केला. ते इतके खूश झाले की त्यांनी वरण मागून घेतलं. "शाब्बास! याला म्हणतात संस्कार," म्हणाले. पुढच्या लग्नात पंगतीत आता दोन गोष्टी होणार होत्या. नवरा पाणी आणायला उठला.

मुलगी ताटाकडे बघून म्हणाली, "सरांच्या घड्याळात एकतीस सेकंद आले होते."

सासऱ्यांनी वरणाची वाटी जवळ ओढली.

"मला तू नेणार नाहीस हे मला वैसे पण माहीत होतं, आई. माझं सोड. बाकीच्या तिघींनी काय केलं होतं?"

मी खरंच सांगते, त्या तिघी माझ्या डोक्यातच नव्हत्या. दुपारभर मी माझ्या मुलीवर अन्याय करण्यात इतकी गुंतले होते, की दुसऱ्यांच्या तीन मुली त्याच इमारतीत होत्या, हे मला दिसलंच नाही. त्या भैरवगढ़च्या मुलीने घरून रीळ आणलं होतं आणि एकेक सांधा दातांनी दोरा तोडून बांधला होता. तिची आई माझी कुणी लागत नव्हती. मला लाज वाटली, आणि ती लाज पोळीबरोबर गिळता येईना.

सकाळी वर्गात गेल्या गेल्या मी सांगितलं, "कल मैंने गलती की। सीटी के बाद भी मैं हिलाती रही।"

"पता है मैडम," पहिल्या बाकावरून आवाज आला. "सबको पता है।"

चाळीस पोरांना माहीत होतं. काल माझ्या प्रामाणिकपणाची तारीफ झाली, तेव्हा तो किती सेकंदांचा आहे हे वर्गात प्रत्येकाला ठाऊक होतं. मी निकाल बदलला. जिंकलेल्या चौघांपैकी एकाने तोंड वाकडं केलं, तिघांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांना फक्त फोटो बदलावा लागेल एवढीच चिंता. हिंदीच्या मॅडम डोळे मिचकावून म्हणाल्या, "चलो, आखिर माँ का दिल है।" सासऱ्यांनी घरी सगळं ऐकून घेतलं, "निकाल फिरवलास? तोही घरच्यांसाठी?" एवढंच म्हटलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवऱ्याने त्या दोन दिवसांत भलत्याच उत्साहाने घरातली कामं केली.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलगी स्टाफरूममध्ये आली. हातात वहीचा फाडलेला कागद, समास सोडून, सुवाच्य अक्षरात अर्ज. सेवा में, कक्षाध्यापिका महोदया. विषय: टीम से नाम वापस लेने बाबत. खाली दोन ओळी, की माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं, म्हणजे माझ्या तिन्ही मैत्रिणींना कुणी काही बोलणार नाही. शेवटी अर्जदार म्हणून 'आवेदिका' लिहून सही.

"हे काय गं?"

"सगळे म्हणताहेत की तुझ्यामुळे नंबर आला. मी नसले तर नाही म्हणणार. तिघी आरामात जातील." मग म्हणाली, "आजोबांना पण बरं वाटेल."

ती रडत नव्हती, ते फार वाईट होतं. तेरा वर्षांची पोर आपली एकुलती एक हौस नीट घडी घालून माझ्या हातात देत होती, आणि मी शाबासकी देईन अशी तिला खात्री होती. मी घाबरले. आजवर मी तिला अन्याय सोसायला शिकवते आहे असं मला वाटत होतं. आता ती तो स्वतःच स्वतःवर करायला शिकली होती, अगदी विनातक्रार, आमच्या घराण्याला शोभेल असा.

मी लाल पेन उघडलं आणि अर्जावर आडवं लिहिलं: अस्वीकृत. खाली सही केली, तारीख टाकली.

"कारण पण लिहावं लागतं, मैडम," ती म्हणाली. शेजारच्या टेबलावर हिंदीच्या मॅडम डबा खायच्या थांबल्या होत्या.

मी त्यांनाही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलं: आवेदिका मेरी बेटी है।