साडेसातचा मिस कॉल

आमच्या नाशिकच्या मोबाइल कंपनीत कागद दर वर्षी रद्दीत जायचे, किस्से मात्र साचत गेले. आज हसत सांगतो खरं, पण तेव्हा मी कायम धास्तावलेला असायचो! नोकरी नवी, त्यात स्वभाव घाबरट. काम काय, तर कोणत्या टॉवरला किती चॅनेल द्यायचे, म्हणजे एका वेळी किती जण बोलू शकतील, याचं गणित मांडायचं.

नामपूरला वडील एकटे. हार्ट अटॅक येऊन गेलेला. रोज सकाळी साडेसातला त्यांचा मिस कॉल यायचा. एक रिंग म्हणजे बरा आहे. मग मोबाइल परत भिंतीवरच्या खिळ्याला. बाहेर नेला तर हरवेल ना!

* * *

आमचं गणित सांगायचं, शंभरात दोन फोन लागले नाहीत तरी चालेल. आमचे बॉस देवरेसाहेब, त्यांनी हे घरी समजावून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मग त्या दोनांत दर वेळी मीच कशी?"

* * *

एका वेळी किती फोन येतील, याचा अंदाज आम्ही पॉयसन वितरण नावाच्या सूत्रानं काढायचो. ते असं धरून चालतं, की जो तो आपल्या मर्जीनं, दुसऱ्याशी संबंध न ठेवता फोन करतो. विंचूरला कांद्याचा भाव पडला की सगळं मार्केट एकदमच फोन लावायचं आणि टॉवर ठप्प! तक्रारी ऐकायला मला पाठवलं. मी भीत भीत ते गणित सांगितलं.

एक शेतकरी म्हणाला, "भाऊ, भाव पडल्यावर काय नंबर लावून फोन करू का?"

* * *

शेजारच्या टेबलावर शिंदे मॅडम. कॉल किती वेळ चालतो, याचं गणित त्यांच्याकडे. "कॉल तासभर चालला म्हणून तो संपत आला असं समजायचं नाही," त्या म्हणाल्या. "अजून किती चालेल, ते पहिल्या मिनिटाला होतं तितकंच अनिश्चित."

मी म्हटलं, कळलं नाही. त्यांनी हातातला फोन माझ्या कानाला लावला. "ही माझी नणंद. ऐका!"

* * *

एकदा नामपूरचा तक्ता आला. कॉल भरपूर, पण बोलणं शून्य सेकंद! ट्रॅक्टर निघाला की एक रिंग, पोचला की दोन. सगळं गाव मिस कॉलवर चालायचं.

साहेब म्हणाले, "हा टॉवर नुसता वाजतो, बोलत नाही! अर्धे चॅनेल काढून इथल्या इंदिरानगरला द्या."

रिंग वाजतानाही चॅनेल अडतो, हे मला माहीत होतं. त्या शून्यांतलं एक शून्य तर माझ्याच वडिलांचं! पण साहेबांसमोर तोंड उघडलं नाही. मुकाट्यानं सही केली. आजही त्याची लाज वाटते.

चॅनेल निघाले. दुसऱ्या दिवशी साडेसात वाजले, रिंग नाही. आठ वाजले, नऊ वाजले. मी लावला तर बाई सांगत होती, या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत. ऑफिसातून पुन्हा पुन्हा लावला, तेच. शेवटी त्यांच्या गल्लीतल्या एसटीडी बूथवर लँडलाइनला फोन लावला. बूथवाला जाऊन पाहून आला.

"घरले कुलूप शे, भाऊ."

दवाखान्यात नेलं असेल! रजेचा अर्ज लिहून साहेबांपुढे धरला, तेवढ्यात दारात वडील! हातात पिशवी, टोपीवर एसटीची धूळ.

"मिस कॉल लागेचना," ते म्हणाले. "म्हणून आलो. बरा शे मी."

साहेबांनी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत, परतीची गाडी गाठायची होती.

"उद्याबी यावं लागंल का?"