जांभळाला बांधलेली दोरी

कात्रपमध्ये राहून जपानच्या देवांशी घरोबा ठेवणारा माणूस आमच्या तळमजल्यावरच्या काकांशिवाय दुसरा कुणी सापडला, तर मी नाव बदलेन. अंबरनाथच्या कारखान्याने त्यांना तरुणपणी मशीन शिकायला जपानला धाडलं होतं. ते मशीन केव्हाच भंगारात गेलं, शिंतो धर्म मात्र काकांना कायमचा चिकटला. गेटजवळच्या नळावर हात धुऊन चूळ भरल्याशिवाय ते आवारात पाऊल टाकत नसत. मिक्सर जळाला तेव्हा भंगारवाल्याच्या हाती देण्याआधी त्यांनी मिक्सरचे आभार मानले; काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, या धर्माला ना संस्थापक, ना एकच एक पोथी," ते मला सांगत. "डोंगरात, नदीत, झाडात कामी असतो. कामी म्हणजे देवच समजा. आपण स्वच्छ मनाने समोर उभं राहायचं, बस." आवारातल्या जांभळाला त्यांनी पेंढ्याची दोरी बांधून पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या लावल्या होत्या. रोज सकाळी त्याच्यापुढे दोनदा वाकायचे, दोन टाळ्या वाजवायचे, पुन्हा एकदा वाकायचे.

पार्किंगसाठी तेच जांभूळ पाडायचं ठरलं. सोसायटीच्या सभेत विरोधाचे हात दोनच, काकांचा आणि माझा. ठरल्या दिवशी वांगणीकडचा लाकूडतोड्या मशीन घेऊन आला आणि दोरी पाहून जागीच थबकला.

"करनी हाय ही. आपन नाय हात लावनार."

"अरे, कसली करणी? चालू कर!" सेक्रेटरी ओरडले. तो हलेना. माझा जीव भांड्यात पडला. काकांनी आता फक्त गप्प राहायचं होतं.

पण काका पुढे झाले. मी त्यांची बाही धरली. "काका, बोलू नका."

"खोट्यावर वाचलेल्या झाडापुढे उद्या उभा कसा राहू?" म्हणत ते दोरी सोडू लागले. मला त्यांचा भयंकर राग आला. ते लाकूडतोड्याला म्हणाले, "करणी नाही रे बाबा. यात देव आहे. तो तुझं काही वाईट करणार नाही."

"झालं समाधान?" सेक्रेटरी म्हणाले. मशीन धडधडलं. काका झाडापुढे वाकले, दोन टाळ्या वाजवल्या आणि त्याची माफी मागितली. मला बघवेना.

एकाएकी आवाज थांबला. "करनी असती तर लिंबू उतरवून कापला असता, साहेब," लाकूडतोड्या म्हणाला. "देव हाय म्हन्तात. त्याला कसा कापू?"

तो गेला, आणि ही गोष्ट पसरल्यावर दुसरा कुणी यायला तयार होईना.

काका आता मुलीकडे नागपूरला असतात. सकाळी आवार फार सुनं वाटतं. परवा आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी जांभळापुढे दोन टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "आधी चूळ भरली होती ना?"

मी "हो" म्हणालो, आणि फोन ठेवून खाली नळावर गेलो.